न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को मोटारीने: पंचविशीच्या आतल्या तिघांनी मार्ग कसा आखावा?

कलाभवन_२३

नमस्कार. मी, माझी आतेबहीण आणि माझा वर्गमित्र असे आम्ही तिघे बडोद्याचे. आमची वये अनुक्रमे २३, २२ आणि २४ असून मित्राला ऑगस्टच्या अखेरीस पंचवीस पूर्ण होतील. तिघांनाही मुंबईच्या वकिलातीतून पर्यटक व्हिसा मिळाला आहे आणि सप्टेंबरमध्ये चार आठवड्यांची सवड आहे. न्यू जर्सीतील एडिसन येथे माझी मावशी राहते. तिच्याकडून निघून भाड्याच्या गाडीने अमेरिका पूर्वेकडून पश्चिमेकडे ओलांडायची, ही इच्छा शाळेत नकाशे काढत असल्यापासून मनात आहे.

सध्या डोळ्यासमोर असलेला मार्ग असा: न्यूयॉर्क, नायगारा, शिकागो, यलोस्टोन, सॉल्ट लेक सिटी, ग्रँड कॅन्यन, लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि तिथून दक्षिणेकडच्या महामार्गाने पुन्हा एडिसन, कारण परतीचे विमान न्यूयॉर्कहून घेण्याचा विचार आहे. न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठ पाहायचेच आहे. १९१३ साली बाबासाहेब आंबेडकर आपल्या बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर तिथे शिकायला गेले होते, त्यामुळे आम्हा तिघांच्या दृष्टीने प्रवासाची सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

विचारायचे आहे ते असे, की पंचविशीच्या आतल्या परदेशी पाहुण्यांना गाडी भाड्याने मिळते का आणि मिळाल्यास कोणत्या अटींवर. आपला परवाना तिथे चालतो का. आणि हा मार्ग चार आठवड्यांत झेपेल का. मित्राचा आणि माझा परवाना तीन वर्षांपूर्वीचा आहे, बहिणीला मात्र सहा महिन्यांपूर्वीच मिळाला आहे. आम्ही तिघेही शाकाहारी आहोत. ओहायोत मित्राच्या ओळखीच्या एका काकांचे मोटेल आहे. स्वागतकक्षात थोडी मदत केल्यास तिथे दोन-तीन दिवस विनामूल्य राहता येईल, असे त्यांनी कळवले आहे. त्याबद्दलही आपले मत कळवावे.

दांडियाबाजारकर

प्रथम गाडीविषयी लिहितो, कारण बाकीचे सगळे नियोजन त्यावर उभे राहणार आहे. अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या कंपन्या २१ वर्षे पूर्ण झालेल्या चालकाला गाडी देतात, परंतु २५ च्या आतल्या प्रत्येक चालकामागे दररोज वेगळा अधिभार लावतात. ही रक्कम कंपनीनुसार आणि राज्यानुसार बदलते. दिवसाला २५ डॉलर धरले, तरी २८ दिवसांचे एका चालकाचेच ७०० डॉलर होतात. म्हणून तुमच्या मित्राचा वाढदिवस झाल्यानंतरची तारीख घेऊन गाडी त्याच्याच नावावर नोंदवावी आणि तुमचे नाव दुसरा चालक म्हणून घालावे. हा खर्च कितीही जड वाटला, तरी दुसरे नाव घालणे टाळू नका. ज्याचे नाव करारात नाही, त्याने गाडी चालवली आणि अपघात झाला, तर विम्याचे संरक्षण निघून जाते. आणि सलग अनेक दिवस एकट्याने गाडी चालवणे हा त्याहून मोठा धोका आहे. बहिणीचा विचार मात्र सोडावा लागेल, कारण परवाना मिळून किमान एक वर्ष झालेले असावे, अशी अट बहुतेक ठिकाणी असते.

गुजरातच्या परवान्यावरचा मजकूर इंग्रजीत असतो, त्यामुळे तो वाचण्यात कोणाला अडचण येत नाही. तरीही आंतरराष्ट्रीय परवाना काढूनच निघावे, कारण वाहनचालनाचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत आणि तुम्ही दहा-बारा राज्यांतून जाणार आहात. तो आपल्याच आरटीओकडून मिळतो. परिवहन खात्याच्या सारथी संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो, शुल्क १,००० रुपये आहे आणि मुदत एक वर्षाची असते. अमेरिकेत पोहोचल्यावर तो काढता येत नाही. शिवाय तो मूळ परवान्याचा केवळ अधिकृत अनुवाद असल्याने मूळ परवाना जवळ नसेल, तर त्याला काही अर्थ उरत नाही.

विम्याच्या बाबतीत नीट समजून घ्यावे अशी गोष्ट म्हणजे, गाडीच्या नुकसानीची जबाबदारी माफ करणारे संरक्षण आणि दुसऱ्याला झालेल्या इजेची भरपाई देणारे संरक्षण ही दोन अगदी वेगळी असतात. तिथल्या रहिवाशाकडे स्वतःच्या गाडीचा विमा असतो आणि भाड्याच्या गाडीला तो बहुधा लागू पडतो. तुमच्याकडे तसे काही असणार नाही. राज्याच्या कायद्याने सक्तीचे असलेले किमान संरक्षण बऱ्याच राज्यांत इतके कमी असते, की रुग्णालयाच्या एका बिलातच ते संपावे. म्हणून दोन्ही संरक्षणे घ्यावीत, आणि तुमच्या तिघांचा वैद्यकीय प्रवासविमा निघण्यापूर्वी भारतातूनच घ्यावा.

पैसे भरण्याबाबत एवढेच सांगतो, की गाडी घेताना मुख्य चालकाच्या नावाचे क्रेडिट कार्ड लागते आणि त्यावर काही रक्कम अनामत म्हणून अडकवून ठेवली जाते. आपल्याकडचे परकीय चलनाचे प्रीपेड कार्ड त्यासाठी अनेक ठिकाणी नाकारले जाते. तेव्हा मित्राच्या कार्डाची मर्यादा आताच तपासून घ्यावी आणि परदेशी व्यवहार सुरू आहेत की नाहीत, हेही पाहावे.

मार्गाबद्दल माझे मत स्पष्ट आहे: एडिसनहून निघून मोटारीनेच एडिसनला परतण्याचा बेत सोडून द्यावा. न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को हे रस्त्याने एका बाजूचे अंतरच सुमारे ४,७०० किलोमीटर आहे. श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा आपला राष्ट्रीय महामार्ग ४४ त्याहून लहान आहे. दोन्ही बाजूंनी हे अंतर काटायचे ठरवले, तर चार आठवड्यांतला बहुतेक वेळ केवळ रस्त्यावर जाईल. माझी सूचना अशी, की पूर्वेकडचे दिवस मावशीकडे राहून रेल्वेने आणि बसने घालवावेत, नंतर विमानाने डेन्व्हर किंवा लास व्हेगासला जावे, तिथे गाडी घ्यावी आणि पश्चिमेची राष्ट्रीय उद्याने पाहून गाडी त्याच ठिकाणी परत करावी. एका शहरात घेतलेली गाडी दूरच्या दुसऱ्या शहरात सोडल्यास त्याचा वेगळा आकार पडतो आणि तो कधीकधी शेकडो डॉलरचा असतो. फेरी पूर्ण करून गाडी जिथून घेतली तिथेच दिली, तर तो वाचतो.

आयोवाची_बडोदेकरीण

दांडियाबाजारकरांनी गाडी आणि विम्याबद्दल जे लिहिले आहे, त्याच्याशी मी पूर्ण सहमत आहे. मोटारीने परत येऊ नये, हेही खरे. परंतु मधला प्रदेश विमानातून ओलांडण्याच्या सल्ल्याशी मी सहमत होऊ शकत नाही. मी बरीच वर्षे आयोवात राहते आणि देशाच्या मध्यभागी पाहण्यासारखे काही नाही, हे वाक्य मी पुष्कळांच्या तोंडून ऐकले आहे. समुद्रापासून समुद्रापर्यंत जाण्याची इच्छा असलेल्या मुलांनी नेमका हाच भाग गाळला, तर त्यांच्या हाती दोन स्वतंत्र सहली राहतील आणि देश ओलांडण्याचा अनुभव राहून जाईल. ओहायोची गावे मागे पडतात, मिसिसिपी नदी ओलांडल्यावर सप्टेंबरात पिवळी पडू लागलेली मक्याची शेते दिसतात, मिझुरी नदीच्या पलीकडे हवा कोरडी होत जाऊन झाडे विरळ होतात, आणि मग साउथ डकोटाच्या सपाट गवताळ माळावरून एकाएकी बॅडलँड्सचे झिजलेले, पट्ट्यापट्ट्यांचे सुळके समोर उभे राहतात. तो पालट पाहण्यासाठी मधल्या पंधराशे किलोमीटरचा कंटाळासुद्धा सोसावा, असे मला मनापासून वाटते.

म्हणून माझा प्रस्ताव असा, की तिकीट असे काढावे, की जाताना न्यूयॉर्कला उतरायचे आणि परतताना सॅन फ्रान्सिस्कोहून निघायचे. गाडी एका टोकाला घेऊन दुसऱ्या टोकाला सोडण्याचा आकार द्यावा लागेल, परंतु परतीच्या हजारो किलोमीटरचे पेट्रोल, रात्रींचे भाडे आणि गाडीचे दिवस वाचतील. गाडी न्यूयॉर्क शहरात घेऊ नये. शहर रेल्वेने पाहून झाल्यावर ती न्यू जर्सीतच घ्यावी. शहरात असताना हातात एक मोकळा दिवस असेल, तर रेल्वेने न्यू हेवनला जाऊन यावे. सयाजीरावांनी १९१० साली बडोद्याची ग्रंथालये उभारण्यासाठी ज्या विल्यम बोर्डन यांना बोलावून घेतले, ते त्याच गावी ग्रंथपाल होते. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत बसून अभ्यास केलेल्यांना ते गाव परके वाटणार नाही.

टप्पे साधारण असे होतील. एडिसन ते नायगारा सुमारे ६५० किलोमीटर. धबधबा अमेरिकेच्या बाजूनेच पाहावा. पूल ओलांडून पलीकडे जायचे, तर भारतीय पारपत्रावर कॅनडाचा वेगळा व्हिसा लागतो. नायगारा ते शिकागो हे अंतर क्लीव्हलँडमार्गे सुमारे ८५० किलोमीटर आहे, ते दोन दिवसांत करावे. शिकागो ते बॅडलँड्स सुमारे १,४०० किलोमीटर आहे आणि त्यालाही दोन दिवस लागतील. तिथून माउंट रशमोर, म्हणजे डोंगरात कोरलेले अमेरिकी अध्यक्षांचे चेहरे, पाहून यलोस्टोन सुमारे ७५० किलोमीटर, यलोस्टोन ते सॉल्ट लेक सिटी सुमारे ५००, आणि पुढे मिठाच्या पांढऱ्या सपाटीवरून व नेव्हाडाच्या वाळवंटातून सॅन फ्रान्सिस्को सुमारे १,२००. उद्यानांतले फिरणे धरून सहा हजारांच्या आसपास किलोमीटर होतात. लहान गाडी एका गॅलनमध्ये, म्हणजे पावणेचार लिटरांत, ५० किलोमीटरच्या आसपास जाते. गॅलनला साडेतीन डॉलर दर धरला, तर पेट्रोलचा सगळा खर्च साधारण सव्वाचारशे डॉलर होईल. कॅलिफोर्नियात दर चढा असतो, म्हणून टाकी नेव्हाडातच भरून पुढे जावे. पंपावर कार्ड घातले, की यंत्र पिनकोड मागते आणि भारतीय कार्ड तिथे अडते. अशा वेळी आत जाऊन पंपाचा क्रमांक सांगून आगाऊ पैसे भरावेत.

निघण्याची तारीख लेबर डेनंतरची घ्यावी. तो सप्टेंबरचा पहिला सोमवार असतो. त्या आठवड्याअखेरीपर्यंत शाळांच्या सुट्टीची गर्दी असते आणि त्यानंतर मोटेलांचे दर उतरू लागतात. यलोस्टोनच्या आतल्या निवासाची आरक्षणे मात्र फार आधी भरतात, तेव्हा ते आजच पाहावे. तिथे सप्टेंबरमध्येही पहाटे पारा शून्याच्या खाली जातो, कधी बर्फही पडते. बडोद्याच्या स्वेटरवर भागणार नाही.

मकरपुरा_रोड

मोटेलात मदत करून राहण्याबद्दल कोणीच लिहिले नाही आणि मला तीच गोष्ट सर्वांत गंभीर वाटते. मुलांनो, ते अजिबात करू नका. पर्यटक व्हिसावर काम करण्याची परवानगी नसते, आणि पैशाऐवजी राहण्याची सोय मिळाली, तरी तो कामाचा मोबदलाच समजला जाऊ शकतो. तुमच्याकडचा व्हिसा दहा वर्षांचा असला, तरी प्रत्येक वेळी देशात किती दिवस राहू द्यायचे, हे विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, आणि असे काही उघडकीस आले तर पुढच्या प्रत्येक प्रवासावर त्याची सावली पडते. काकांकडे पाहुणे म्हणून जरूर जावे, जेवावे, राहावे. स्वागतकक्षात बसू नये. गुजरातच्या चरोतर भागातून गेलेल्या पटेल कुटुंबांनी त्या देशात उभे केलेले काम मोठे आहे. अमेरिकेतल्या निम्म्याहून अधिक हॉटेलांची मालकी आज भारतीय वंशाच्या मालकांच्या १९८९ साली स्थापन झालेल्या संघटनेच्या सभासदांकडे आहे. त्यामुळे नेब्रास्कातल्या किंवा वायोमिंगमधल्या एखाद्या लहानशा गावातही रात्री उशिरा पोहोचल्यावर समोरून गुजरातीत विचारपूस होण्याची बरीच शक्यता आहे, आणि बडोद्याचे नाव सांगितल्यावर चहा मिळतो, हा आमच्या घरच्यांचा अनुभव आहे.

जेवणाचे म्हणाल, तर शाकाहारी माणसाचे मोठ्या शहरांत काही अडत नाही, अडते ते मधल्या राज्यांत. थेपले, खाखरा, सुकी चटणी असे कोरडे पदार्थ नेता येतात; मात्र ताजी फळे, बियाणे आणि मांसाचे पदार्थ नेऊ नयेत, आणि विमानतळावरच्या सीमाशुल्क अर्जात खाद्यपदार्थ असल्याचे स्पष्ट लिहावे. इथला विजेचा भात-कुकर नेऊ नये, कारण तिथला वीजदाब १२० व्होल्टचा असल्याने आपले २३० व्होल्टचे उपकरण नीट तापतच नाही. लहान कुकर तिथेच स्वस्तात मिळतो. मोटेलच्या खोलीत बहुधा मायक्रोवेव्ह असतो. मेक्सिकन खाणावळीतले राजम्यासारखे घोटलेले दाणे शाकाहारी दिसतात, पण त्यांत कधीकधी डुकराची चरबी असते, तेव्हा विचारून घ्यावे.

आणखी एक, तुमच्या वयाची मुले म्हणून सांगते. काही राज्यांत गांजा उघडपणे दुकानात विकला जातो, परंतु केंद्राच्या कायद्यानुसार तो अजूनही गुन्हाच आहे आणि परदेशी नागरिकाला त्याची किंमत व्हिसाच्या रूपाने मोजावी लागू शकते. ते दुकान बाहेरूनही पाहू नये.

कलाभवन_२३

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल आभारी आहे. काकांना आम्ही आजच कळवले, की आम्ही केवळ पाहुणे म्हणून येऊ. परतीचे विमान सॅन फ्रान्सिस्कोहून घेण्याचेही ठरले आहे. आता दोनच शंका उरल्या आहेत. ग्रँड कॅन्यन सोडवत नाही; तो सॉल्ट लेकनंतर बसवता येईल का? आणि उद्यानांचे प्रवेशशुल्क परदेशी पाहुण्यांसाठी वाढले आहे, असे ऐकतो. त्यात कितपत तथ्य आहे?

दांडियाबाजारकर

शुल्क खरोखरच वाढले आहे. १ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेबाहेरच्या रहिवाशांसाठी सर्व राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास २५० डॉलरचा झाला असून तिथल्या रहिवाशांसाठी तो ८० डॉलरचाच आहे. हा पास नसेल, तर सर्वाधिक गर्दीच्या अकरा उद्यानांत नेहमीच्या प्रवेशशुल्काखेरीज सोळा वर्षांवरच्या प्रत्येक परदेशी व्यक्तीला १०० डॉलर द्यावे लागतात. यलोस्टोन, ग्रँड टीटन, झायन, ब्राइस कॅन्यन आणि ग्रँड कॅन्यन ही पाचही त्या अकरांत येतात. तुम्ही तिघे आहात, त्यामुळे पहिल्याच उद्यानात पासाहून जास्त पैसे जातील. पास घ्यावा, यात विचार करण्यासारखे काही नाही. माउंट रशमोरला प्रवेशशुल्क नाही, पण गाडी उभी करण्याचे पैसे पडतात आणि ते पासात धरले जात नाहीत. मॉन्युमेंट व्हॅली नवाहो या तिथल्या मूळ रहिवासी लोकांच्या अखत्यारीतली असल्याने तिथेही हा पास चालणार नाही, वेगळे शुल्क भरावे लागेल.

ग्रँड कॅन्यनबद्दल सांगायचे, तर आयोवाच्या ताईंनी सुचवलेला मार्ग मला आता पटला आहे, आणि परतीचा प्रवास गळल्यामुळे तुमच्याकडे त्यासाठी दिवसही उरतात. सॉल्ट लेकहून सरळ पश्चिमेला न वळता दक्षिणेला उतरून ब्राइस आणि झायन पाहावे, तिथून ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावर जावे, पुढे लॉस एंजेलिस आणि मग सॅन फ्रान्सिस्को. यात सुमारे १,१०० किलोमीटर वाढतात. झायनहून उत्तर काठ जवळ पडतो, तरी मुक्काम दक्षिणेलाच ठेवावा. जुलै २०२५ च्या वणव्यात उत्तर काठावरचे जुने निवासस्थान जळून गेले. वेळेचे एक लक्षात ठेवा: ग्रँड कॅन्यन ज्या राज्यात आहे ते ॲरिझोना इतर बहुतेक राज्यांप्रमाणे उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करत नाही, म्हणून सप्टेंबरमध्ये सॉल्ट लेकच्या यूटा राज्यातून तिथे शिरल्यावर एक तास मागे जातो, परंतु वाटेतल्या नवाहो प्रदेशात घड्याळ पुढे केलेले असते.

आयोवाची_बडोदेकरीण

मार्ग ठरला, तेव्हा आता चालवण्याचे नियम. गाडी उजव्या बाजूने चालवायची, हे पहिल्या दिवशी लक्षात राहते. विसर पडतो तो चौथ्या-पाचव्या दिवशी, पंपातून किंवा मोटेलच्या आवारातून रिकाम्या रस्त्यावर बाहेर पडताना. त्या क्षणी शेजारी बसलेल्याने दर वेळी मोठ्याने "उजवीकडे" म्हणावे, असा नियमच करून टाका. बहिणीला गाडी चालवता येणार नसली, तरी हे काम तिच्याकडे द्यावे. नकाशाही तिच्याच हाती असावा आणि तो इंटरनेटशिवाय उघडेल असा आधीच उतरवून ठेवावा. वायोमिंग आणि यूटामध्ये तासन् तास फोनला संकेत मिळत नाही.

चारही बाजूंना थांबण्याची पाटी असलेल्या चौकात समोर कोणी नसले, तरी गाडी पूर्ण थांबवावी लागते आणि जो आधी आला, तो आधी जातो. पिवळी शाळेची बस लाल दिवे लावून थांबली असेल, तर मागच्यांनी थांबायचेच, आणि मध्ये दुभाजक नसेल तर समोरून येणाऱ्यांनीही. लाल दिव्यावर थांबून, वाट मोकळी पाहून उजवीकडे वळता येते, पण न्यूयॉर्क शहरात तसे चालत नाही. पोलिसांची गाडी मागे येऊन दिवे चमकवू लागली, तर उजव्या कडेला थांबावे, काच खाली करावी, हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवावेत आणि सांगितल्याशिवाय खाली उतरू नये. आपल्याकडे उतरून बोलायला जाण्याची रीत आहे. तिथे ते धोक्याचे लक्षण समजले जाते.

अंधारात पल्ला मारू नका. संध्याकाळी हरणे रस्त्यावर येतात आणि यलोस्टोनमध्ये गवे, म्हणजे तिथले बायसन. गव्यापासून किमान २३ मीटर आणि अस्वलापासून ९१ मीटर दूर राहणे तिथे बंधनकारक आहे. टाकी अर्धी झाली, की भरावी. आंतरराष्ट्रीय परवान्याचा अर्ज या आठवड्यातच करा, आणि मावशींना रोज रात्री मुक्कामाचे गाव कळवत जा.